मनोरीला खाडीलगतच्या प्लॉटवर घर बांधायचंय, भराव टाकायच्या आधी काय काय बघू?

दहिसरवाला
नमस्कार मंडळी. मनोरीला आमची आजोबांच्या वेळेपासूनची साडेसहा गुंठे जमीन आहे, सातबारा बाबांच्या आणि काकांच्या नावावर, काकांची बांधायला हरकत नाही, तसं ते लिहूनही देतील. जुनं कौलारू घर होतं, त्याचं छप्पर २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात गेलं आणि पुढच्या वर्षी भिंती पण धोकादायक झाल्या म्हणून आम्ही पाडून टाकलं. बाबा आता अडुसष्ट वर्षांचे आहेत, लहानपण सगळं तिथेच गेलंय, त्यांचं एकच म्हणणं की दहिसरच्या फ्लॅटमध्ये मला शेवटची वर्षं काढायची नाहीत, मला तिथे बांधून दे. मलाही मनापासून ते करायचंय. तळमजला आणि वर एक खोली एवढंच घर, फार मोठं नाही.

प्लॉटचा एक भाग उंच आहे, जुनं घर तिथेच होतं. खाडीकडचा कोपरा मात्र बराच खाली आहे, अंदाजे चार फूट, आणि पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी तिथे पाणी येऊन थांबतं. गेल्या दोन-तीन वर्षांत तिथे तिवराची रोपं पण उगवलीत. एका कॉन्ट्रॅक्टरला दाखवलं तर तो म्हणाला की काही नाही साहेब, डेब्रिजच्या साठ-सत्तर गाड्या टाकू, वर मुरूम, लेव्हल करू, पावसाआधी चारी बाजूंनी कंपाउंड मारून घेऊ, मग परवानगीचं बघू. भाव पण कमी सांगितला. मला हे जरा घाईचं वाटतंय पण यातलं काहीच कळत नाही, म्हणून विचारतोय. जमीन तयार करायची म्हणजे नेमकं कुठून सुरुवात करू? मोजणी, माती तपासणी, सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) हे सगळं ऐकलंय पण आधी काय नंतर काय ते कळत नाहीये. ज्यांनी समुद्राजवळ बांधलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

नकाशेवाला
दादा, आधी तो डेब्रिजचा माणूस थांबव. आजच फोन कर. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात परवानग्यांचं काम बघतो आणि असे प्लॉट वर्षाला दोन-चार तरी बघण्यात येतात, भराव आधी आणि कागद नंतर असं ज्यांनी केलं त्यांचं प्रकरण पुढे सरकतच नाही कारण मग तुझ्याकडे मूळ जमीन कशी होती ते दाखवायलाच काही उरत नाही.

तू लिहिलंयस की कोपऱ्यात तिवराची रोपं आहेत. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. तिवरं असलेली जागा सीआरझेड एक-अ या सगळ्यात कडक वर्गात येते, मग ती खाजगी सातबाऱ्यावर असो नाहीतर सरकारी, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट आदेश दिलेत की कांदळवनावर (म्हणजे तिवरांवर) आणि त्याच्या भोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम नाही आणि डेब्रिजही टाकायचं नाही. तिथे भराव म्हणजे पर्यावरण संरक्षण कायद्याचं सरळ उल्लंघन. आणि कारवाई जमीनमालक म्हणून बाबांवर आणि काकांवर होईल, कॉन्ट्रॅक्टर तोपर्यंत पैसे घेऊन दुसऱ्या साइटवर गेलेला असेल.

आता क्रम. भूमी अभिलेखकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज टाक, शेजाऱ्यांना नोटिसा जातात, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि नंतर क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, मिळते. ती हातात आल्याशिवाय कंपाउंडचा विचार नको. मोजणीच्या दिवशी काकांना पण उभं कर म्हणजे घरातल्या घरात पुढे वाद नको. मग ती क प्रत घेऊन भरतीरेषेचा नकाशा. राज्याचे मंजूर किनारा नकाशे एमसीझेडएमएच्या, म्हणजे राज्याच्या किनारा प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर आहेत, त्यावर अंदाज येतो, पण प्रकरणासाठी मान्यताप्राप्त संस्थेकडून, उदाहरणार्थ चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाकडून, आपला सर्व्हे नंबर १:४००० च्या नकाशावर बसवून घ्यावा लागतो. त्यात उच्चतम भरतीरेषा कुठून जाते, तिवरं कुठे, त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा बफर कुठवर, हे सगळं मीटरमध्ये कळतं. खर्च आहे, पण घराचं प्लॅन काढायला बसण्याआधी हा खर्च कर, कारण घर प्लॉटवर कुठे बसणार हे यानेच ठरतं.

सध्या सीआरझेडची १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना लागू आहे. समुद्राच्या बाजूने भरतीरेषेपासून ५०० मीटर, आणि खाडीच्या बाजूने ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी असेल ते. मनोरी म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, त्यामुळे तुला दोन्हीकडून मोजावं लागेल, नुसतं खाडीचं बघून मोकळं होऊ नकोस. प्लॉट सीआरझेड दोन मध्ये (आधीच विकसित शहरी भाग) दाखवला असेल तर अस्तित्वातल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं. तीन मध्ये (ग्रामीण, कमी विकसित भाग) असेल तर ना विकास क्षेत्र लागतं आणि तिथे नवीन घर अवघड, पण जुनं अधिकृत घर असेल तर तेवढ्याच चटईक्षेत्रात आणि जोत्यात पुन्हा बांधायची तरतूद आहे.

म्हणूनच विचारतो, जुनं घर पाडलंत ते ठीक, पण त्याचे कागद आहेत का? घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, फोटो, सिटी सर्व्हेच्या नकाशावर दाखवलेलं घर, जे असेल ते शोध. एकेक पावती सोन्यासारखी आहे.

एक दिलासा पण देतो. स्वतः राहायचं घर ३०० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापर्यंत असेल तर २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे स्थानिक प्राधिकरणच सीआरझेडचे नियम तपासून मंजुरी देऊ शकतं, किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. तुझं घर त्यात आरामात बसेल. फक्त तुझं प्राधिकरण कोण ते आधी लेखी विचार, कारण गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यासाठी एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलेलं होतं आणि लोक महिनोन्‌महिने चुकीच्या खिडकीवर उभे राहतात. डीपी रिमार्क (विकास आराखड्यात प्लॉट कशासाठी दाखवलाय), झोन, सातबारावर भोगवटादार वर्ग एक (मालकी निर्बंधांशिवाय) आहे की दोन (सरकारी अटींसह), हे त्याच फेरीत बघून घे.

मनोरीकर
मी इथलाच. दहिसरवाला दादा, तुम्ही बहुतेक आमच्याच बाजूचे आहात, असो.

तो खालचा कोपरा पाण्याचा आहे हे तुमच्या आजोबांना माहीत होतं म्हणून त्यांनी घर वरच्या भागात बांधलं. आमच्याकडची जुनी घरं बघा, सगळी उंचवट्यावर, आणि खाली खाजण (भरतीचं खारं पाणी येणारी सखल जमीन) नाहीतर आगर मोकळं सोडलेलं. उधाणाला पाणी आत येतं, ओहोटीला परत जातं, आणि पावसाचं वरून आलेलं पाणी पण त्याच वाटेने खाडीत उतरतं. तुम्ही तिथे भराव टाकून भिंत मारली की तुमचा कोपरा कोरडा होईल पण ते पाणी शेजारच्या दोन घरांत शिरेल. आमच्या आळीत असं झालेलं आहे, एकाने भिंत मारली आणि मागच्या घरातल्या आजीबाईंच्या चुलीपर्यंत पाणी आलं, जिथे त्यांच्या जन्मात कधी आलं नव्हतं. आजही ती दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. मला वाईट वाटतं कारण दोघंही चांगली माणसं आहेत.

माझं एक ऐका, इंजिनियर आणायच्या आधी तुम्ही स्वतः येऊन पाणी बघा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या, भरतीला येऊ नका, तेव्हा काही कळणार नाही. अमावस्या किंवा पौर्णिमा झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या, मुंबईत त्या दिवसांत भरती साधारण दुपारी बारा-एकला आणि मग मध्यरात्रीनंतर पूर्ण भरते. बांबूच्या खुंट्या घेऊन या आणि पाणी जिथवर चढलं तिथे ठोका. पावसाळ्यातल्या उधाणाला परत तेच. महापालिका दर वर्षी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी काढते ती पेपरात येते, त्यातला एखादा दिवस पकडा आणि त्या दिवशी पाऊस असेल तर फारच चांगलं, कारण खरा त्रास उधाण आणि पाऊस एकत्र आले की होतो. बाबांना पण आणा. पाणी पूर्वी कुठवर यायचं हे ते चालत चालत दाखवतील, त्यांना विचारून लिहून ठेवा.

अजून एक. तुमच्या प्लॉटच्या कडेने होड्यांकडे जायची किंवा जाळी सुकवायची वाट असेल तर ती कागदावर नसली तरी अडवू नका. कंपाउंड मारायच्या आधी आजूबाजूच्या चार घरांत जाऊन बसा, चहा घ्या, सांगा काय करणार ते. पुढे सिमेंटची गाडी आत आणायला हीच माणसं उपयोगी पडतील.

दहिसरवाला
खूप खूप आभार दोघांचे. कॉन्ट्रॅक्टरला काल रात्रीच नाही म्हणून सांगितलं, तो थोडा चिडला पण ठीक आहे. आईच्या कपाटात घरपट्टीच्या पावत्या निघाल्या, सगळ्यात जुनी १९९४ ची, आणि माझ्या मुंजीतला एक फोटो ज्यात मागे घर पूर्ण दिसतंय. बाबा म्हणाले की ४-५ वर्षांचे असताना त्या कोपऱ्यात ते खेकडे पकडायचे, म्हणजे पाणी आजचं नाहीच. तिथे काही करायचं नाही हे आता घरात पक्कं झालंय.

आता वरच्या भागाचं विचारतो. तिथे दोन-तीन फूट तरी उंची वाढवावी का? आणि माती तपासणी खरंच लागते का एवढ्या छोट्या घराला? एक ओळखीचे म्हणाले तळमजल्याच्या घराला कोण बोअर मारतं.

आरसीसी_काका
मी स्ट्रक्चरल इंजिनियर, तीस वर्षं मुंबईत काम करतोय, त्यातली बरीचशी खाऱ्या हवेने फुगलेले कॉलम दुरुस्त करण्यात गेली. म्हणून कळकळीने लिहितो, लांबलं तर वाचून घे.

माती तपासणी लागते. खाडीलगत वर चार फूट छान मुरूम दिसतो आणि खाली काळा समुद्री चिखल निघतो, कधी दोन मीटर, कधी आठ. त्याच प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला मात्र दीड मीटरवर खडक लागतो. अशा जमिनीवर अर्धं घर खडकावर आणि अर्धं चिखलावर बसलं की एक बाजू खचते आणि भिंतींना तिरके तडे जातात, मग कितीही पुट्टी भरा. साडेसहा गुंठ्यांत घराच्या जागेवर दोन-तीन बोअर पुरेत, खडक लागेपर्यंत किंवा इंजिनियर सांगेल तिथपर्यंत. रिपोर्टमध्ये एसपीटीचे आकडे (माती किती घट्ट आहे), एसबीसी (जमीन किती वजन पेलते), भूजल पातळी हे तर असतंच, पण तू मुद्दाम सांगून मातीतले आणि पाण्यातले क्लोराइड आणि सल्फेट पण तपासून घे, बरेच जण ते सोडून देतात आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

आता भराव. लोकांना वाटतं माती टाकली की जमीन उंच झाली. एक मीटर दाबलेला मुरूम एका चौरस मीटरवर पावणेदोन ते दोन टन वजन टाकतो, म्हणजे साध्या घराचा एक मजला जेवढं वजन टाकतो तेवढं किंवा जास्तच. खाली मऊ चिखल असेल तर तो भरावाच्या वजनानेच वर्षानुवर्षं दबत राहतो, घर अजून बांधलेलं पण नसतं. म्हणून तुझ्या प्लॉटला मी भरावापेक्षा जोतं उंच घे असं सांगेन. कॉलम वर काढायचे, ग्रेड बीम घ्यायचे, आणि खाली शक्य तिथे मोकळं ठेवायचं म्हणजे पाणी आलं तरी निघून जाईल. पाया साधा फूटिंगचा, राफ्ट (घराखाली सलग स्लॅब) की पाइल (खोलवर नेलेले खांब), हे बोअरच्या रिपोर्टवर ठरू दे, माझ्यावर किंवा कॉन्ट्रॅक्टरच्या अनुभवावर नको. घराच्या अंगणापुरता थोडा मुरूम लागलाच तर २० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवून, आणि डेब्रिज अजिबात नको, त्यात लाकूड, प्लास्टिक, जिप्सम काहीही असतं. मंजुरी मिळाल्यावरच, आणि जमलं तर एक पावसाळा त्यावरून जाऊ दे, काम दसऱ्यानंतर सुरू कर.

जोतं किती उंच? इथे एक गफलत नेहमी होते. पेपरात येते ती ४.९ मीटरची भरती बंदराच्या चार्ट डेटमवरून (डेटम म्हणजे उंची मोजायचा शून्य) मोजलेली असते, आणि सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. सर्व्हेवाला लेव्हल देतो ती कधी समुद्रपातळीवरून, कधी मुंबईच्या टाउन हॉल डेटमवरून. भरतीचा आकडा आणि समुद्रपातळीवरची लेव्हल एकमेकांत मिसळली तरी जोतं अडीच मीटरने चुकतं. सर्व्हेवाल्याकडून डेटम कागदावर लिहून घे, आणि मनोरीकरांनी सांगितलेल्या खुंट्यांची लेव्हल पण त्याच वेळी घ्यायला लाव. मला तर ती खुंट्यांची कल्पना फार आवडली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि भरती पण होती, तेव्हा पाणी कुठवर होतं हे बाबांना किंवा शेजाऱ्यांना आठवत असेल, ती खूण पण घे आणि जोतं त्याच्या वर ठेव.

काँक्रीटचं आत्ताच ठरव कारण पाण्याची सोय जमीन तयार करतानाच करावी लागते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या उघड्या हवेतलं काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात येतं, म्हणजे कमीत कमी एम ३० मजबुतीचं काँक्रीट आणि सळईवरचं कव्हर ४५ मिमी. समुद्राचे तुषार थेट येत असतील तर एम ३५ आणि ५० मिमी. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या वर नाही. स्लॅग सिमेंट किंवा फ्लाय ॲशवालं पीपीसी सिमेंट वापर, मीठ आत जायला वेळ लागतो. आणि प्लॉटवर विहीर असेल, असणारच, तर तिचं पाणी लॅबमध्ये तपासल्याशिवाय काँक्रीटला नाही आणि क्युअरिंगला तर अजिबात नाही. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत लागतं, मचूळ विहिरीचं पाणी बहुतेक वेळा त्याच्या वर जातं. तपासणीला फार पैसे लागत नाहीत. मी उघडलेल्या कॉलमपैकी कित्येकांत सळई पेन्सिलएवढी राहिली होती, आणि कारण विचारलं की उत्तर एकच, बांधताना विहिरीचं पाणी वापरलं होतं.

एरंगळची_लेक
आम्ही एरंगळला आईसाठी घर बांधलं, चार वर्षं झाली. काकांनी लिहिलेलं सगळं आधी वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने कॉलमच्या सळया पावसाळ्यात तशाच उघड्या सोडल्या, चार महिने खारं वारं आणि पाऊस, ऑक्टोबरमध्ये बघितलं तर पापुद्रे निघत होते. ते सगळं तारेच्या ब्रशने घासून, दोन ठिकाणी कापून पुन्हा करावं लागलं आणि त्याचे पैसे आम्हीच भरले. तेव्हा काम अर्ध्यावर थांबणार असेल तर सळयांना सिमेंटची स्लरी लावून प्लास्टिकने बांधून ठेवा, आणि आलेलं स्टील जमिनीवर टाकू देऊ नका, ओंडक्यांवर ठेवून झाका. हे कोणी करत नाही, उभं राहून करून घ्यावं लागतं.

मनोरीचं अजून एक म्हणजे रस्ता. माणसं मार्वेहून फेरीने पटकन येतात पण माल सगळा भाईंदर-उत्तन-गोराई असा फिरून येणार. रेडीमिक्स मागवणार असाल तर प्लँटवाल्याला आधीच हा रस्ता सांगा, कारण काँक्रीट साधारण दोन तासांत ओतून व्हायला पाहिजे आणि भाईंदरला ट्रॅफिक लागला तर तिथेच वेळ जातो. रात्री किंवा पहाटे ओतायचं ठरवा, काँक्रीट उशिरा घट्ट व्हावं म्हणून रिटार्डर घालायला सांगा, आणि शेवटच्या गल्लीत ती गाडी वळते का हे आधी टेपने मोजून या. आमच्याकडे वळली नाही, मग पंप लांब लावावा लागला.

शौचालयाचं पण आत्ताच बघा. जिथे दीड-दोन मीटरवर पाणी लागतं तिथे शोषखड्डा पावसाळ्यात उलटा भरतो, आमचा पहिल्याच जुलैमध्ये भरला, आईला किती त्रास झाला ते सांगू शकत नाही. आता बंद टाकी आणि सांडपाणी शुद्ध करणारं छोटं बायो युनिट बसवलंय, टाकी रिकामी असताना खालच्या पाण्याने वर उचलली जाऊ नये म्हणून तळाला जाड काँक्रीट घातलंय. तिची जागा विहिरीपासून लांब हवी म्हणून प्लॅनमध्ये ती आधी दाखवा, घर मग. बोअरवेल मारू असं कोणी म्हणालं तर सीआरझेडमध्ये भूजल उपशावर निर्बंध आहेत, आणि समुद्राजवळ जास्त उपसलं की गोडं पाणी संपून खारं वर येतं, मग शेजारच्यांच्या विहिरी पण जातात. आम्ही छताचं पाणी टाकीत घेतो.

आणि झाडं. माड, उंडी, सुरू जे काही पश्चिमेच्या बाजूला उभं असेल ते साफसफाईच्या नावाखाली तोडू देऊ नका. एक तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि दुसरं म्हणजे तौक्तेच्या दिवशी आमच्याकडची पत्र्याची शेड उडाली पण माडांच्या मागचं घर शाबूत राहिलं. जेसीबीवाला आला की तासाभरात सगळं सपाट करतो, म्हणून झाडांना आधी चुन्याचे पट्टे मारा आणि तो येईल त्या दिवशी घरातलं कोणीतरी तिथे हजर राहा.

दहिसरवाला
सगळं प्रिंट काढून बाबांना वाचायला दिलं. मोजणीचा अर्ज सोमवारी टाकतोय, काका पण येतायत सहीला. पश्चिमेला सात माड आहेत आणि एक उंडी, उंडी आजीने लावलेली, ती धरून प्लॅन करायचं असं आर्किटेक्टला सांगेन. विहीर आहे, पाण्याचे नमुने याच आठवड्यात लॅबला देतो. २००५ चं बाबांना पक्कं आठवतंय, जुन्या ओटीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं, आणि ती पायरी अजून तिथेच आहे, भिंती पाडल्या तेव्हा तेवढा दगड राहिला. सर्व्हेवाल्याला पहिली लेव्हल त्या पायरीची घ्यायला सांगतो.

मनोरीकर दादा, येत्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा खुंट्या घेऊन सकाळच्या फेरीने येतोय. तुम्ही असाल तर भेटू या, बाबांना जुनी नावं विचारायची आहेत.

मनोरीकर
या की. भरतीच्या आधी तासभर तरी पोचा, पाणी चढताना बघायला मिळालं पाहिजे. जेट्टीवर येतो घ्यायला. खुंट्या आणू नका, बांबू आमच्याकडे आहेत.